चौकटीतल्या रेघा

जुलैचा शेवटचा रविवार होता. सकाळपासून पाऊस धरून बसला होता. मुलाची भिजलेली सॅक खिडकीच्या गजाला अडकवायची म्हणून मी चिमटे शोधत होते आणि त्याच्या अभ्यासाच्या टेबलाचा खालचा खण ओढला. चिमटे नव्हते. सहा रिकाम्या बाटल्या होत्या, पाव लिटरच्या, दाबून चपट्या करून एकावर एक रचलेल्या. एकीच्या तळाला चमचाभर पिवळट पाणी शिल्लक होतं. नाकाशी नेलं तर लहानपणी तापात द्यायच्या औषधाचा गोडसर वास आला.

लेबलावरची अक्षरं इतकी बारीक की मोबाइलचा टॉर्च लावावा लागला. कॅफीनयुक्त पेय. मुलं, गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया आणि ज्यांना कॅफीन सोसत नाही अशांनी घेऊ नये. दिवसाला पाचशे मिलिलिटरच्या वर नको. आमचा मुलगा सोळा वर्षांचा. यंदा अकरावीत गेला, जूनपासून ठाण्यात नौपाड्यातल्या एका क्लासला जातो. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, रात्री क्लासचा गृहपाठ. डोळ्यांखाली काळं आलेलं मला दिसत होतं, पण ते मी अभ्यासाच्या खात्यावर टाकलं होतं.

तो आला तेव्हा बाटल्या टेबलावर ओळीनं मांडलेल्या होत्या.

"कधीपासून चाललंय हे?"

"क्लास सुरू झाल्यापासून. सगळेच घेतात, आई. खालच्या दुकानात वीस रुपयांना मिळते. रात्री एकपर्यंत बसायचं तर डोळे उघडे कसे ठेवू?"

"अरे, पण यात कॅफीन असतं."

"मग तुझ्या हातात काय आहे?"

उद्धटपणा नव्हता त्यात. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं. माझ्या हातात चहाचा कप होता, त्या दिवसातला पाचवा असावा. असावा म्हणते, कारण तोपर्यंत मी कधी मोजलेच नव्हते. त्याला मी काहीतरी बोलले, वय, तब्येत, वगैरे. पण बोलताना माझंच मला पटत नव्हतं. कप खाली ठेवावा की संपवावा हेही सुचेना, आणि तसाच तो हातात गार झाला.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराआड कालनिर्णय लटकलेलं असतं. दुधाचा हिशेब त्यावरच. रोज दीड लिटर, पाहुणे आले तर दोन, खाडा पडला तर चौकटीत फुली. सोमवारी पहाटे त्या चौकटीत दुधाच्या आकड्याखाली मी निळ्या पेनानं एक रेघ ओढली. कप संपला की रेघ. ऑफिसातले कप मोबाइलवर टिपायचे आणि घरी आल्यावर चढवायचे. मुलाला काही सांगितलं नाही.

मंगळवारच्या चौकटीत सात रेघा झाल्या. पहाटे सव्वापाचचा, डबे करताना. सातचा, सासूबाई आणि नवऱ्याबरोबर. ऑफिसला पोचल्यावर दहाचा. जेवण झाल्या झाल्या एक. पावणेचारला पँट्रीतल्या मावशी ट्रे घेऊन फिरतात तो. सहाला रबाळे स्टेशनबाहेरच्या टपरीवर कटिंग. आणि घरी आल्यावर आठला, डोकं उतरावं म्हणून. रेघांकडे बघताना एक गोष्ट लक्षात आली. पहाटेचा एक सोडला तर बाकीच्यांपैकी एकही कप मला हवा म्हणून मी घेतला नव्हता. ते समोर आले होते. टपरीवरचासुद्धा, जी आधी पोचेल ती सगळ्यांचा सांगून ठेवते.

आपल्याकडे चहा कशातच धरत नाहीत. डॉक्टर विचारतात, काही व्यसन? आपण म्हणतो, छे, फक्त चहा. आल्यागेल्याला विचारतो, काही घेणार? तो म्हणतो, काही नको, चहाच टाका. चहापाणी या एका शब्दात आपण चहाला पाण्याच्या मांडीला मांडी लावून बसवलंय. आणि एखाद्या घराबद्दल सगळ्यात कडवट बोलायचं असेल तर एवढंच म्हणायचं, साधा चहासुद्धा विचारला नाही.

फार जुनं नाही हे. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमधल्या कार्यक्रमाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली आणि त्यावरून केवढं ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, उठलं. लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांची नावं त्या यादीत होती, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. खटकलं होतं ते मिशनऱ्यांच्या हातचं घेणं, हे खरं. पण त्या काळी चहा ही घरोघरची वस्तूही नव्हती. पुढे चहाच्या मळेवाल्यांनी विसाव्या शतकात स्टेशनांवर, गिरण्यांत, बाजारात स्टॉल लावून माणसांना चहा करायला आणि प्यायला शिकवलं. १९३०च्या दशकात आसामात पानं चिरडून, फाडून, वळवून दाणेदार पावडर करायचं यंत्र निघालं आणि कमी पत्तीत गडद चहा होऊ लागला. आज आपल्या डब्यात असते ती तीच पावडर. माझ्या सासूबाई राजापूरकडच्या. त्या सांगतात, लहानपणी सकाळी पेज असायची, वर मेतकूट नाहीतर लोणच्याचा खार. चहाचा पुडा मुंबईकर चुलते मे महिन्यात घेऊन यायचे, आणि ते परत गेले की पुडाही संपलेला असायचा. मुलांना चहा मिळायचा तो ताप आला तर, गुळाचा, कोरा.

आठवड्याच्या शेवटी मी आकडेमोड मांडली. घरचा कप मापून पाहिला, दीडशे मिलिलिटरला थोडा कमी. एवढ्या उकळलेल्या चहात साधारण तीस ते पन्नास मिलिग्रॅम कॅफीन असतं. मधला चाळीसचा आकडा धरला तर सात कपांचे दोनशे ऐंशी. मुलाच्या बाटलीत किती? आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार कॅफीनयुक्त पेयात लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असतं. म्हणजे पाव लिटरला जास्तीत जास्त पंचाहत्तर. ज्या पोराला मी समोर उभं करून जाब विचारला, त्याच्या जवळजवळ चौपट माझ्या पोटात जात होतं.

मग मर्यादा शोधल्या. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५ मध्ये निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला चारशे मिलिग्रॅमपर्यंत, गरोदर बाईला दोनशेपर्यंत, आणि मुलांना वजनाच्या किलोमागं तीन मिलिग्रॅमपर्यंत चालेल असं म्हटलंय. मुलाचं वजन बावन्न. म्हणजे दीडशेच्या आसपास. त्या हिशेबानं तो पास आणि मीही पास. पण समाधान होईना. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०११ मध्येच सांगितलंय की एनर्जी ड्रिंकला मुलांच्या आहारात जागाच नाही. आणि पास झालेली मी रात्री साडेबाराला छताकडं बघत पडलेली असायचे, तो सकाळी उठवताना अंगावर ओरडायचा. आकडा मर्यादेत असून माणसं दमलेली होती. मला वाटतं, किती यापेक्षा कधी हा प्रश्न आम्ही दोघांनीही विचारलाच नव्हता.

कॅफीन करतं काय, हे मी मुलाकडूनच नीट समजून घेतलं. एका रात्री त्याला म्हटलं, तुझं बायोलॉजी आहे ना, मला सांग. तो आधी कंटाळला, मग पुस्तकात नसलेलंही शोधून आला. दिवसभर मेंदू काम करतो तसं त्यात अडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. त्याच्या ठरलेल्या जागा असतात. तिथं ते बसलं की मेंदूला कळतं, दमलो, झोपायला हवं. कॅफीन दिसायला त्याच्यासारखंच, ते आधी जाऊन त्या जागा अडवतं. मी म्हटलं, म्हणजे ठाण्याला नऊ नंबरवर गाडी लागली की बायका खिडकीतून रुमाल टाकतात, तसं. तो हसला आणि म्हणाला, अगदी तसं. जागा भरलेली दिसते, पण बसलेलं कुणी नसतं. अडेनोसिन दारात उभंच असतं, गर्दी वाढतच असते. रुमाल उचलला की सगळी एकदम आत. आणि रोजच रुमाल पडायला लागले की मेंदू डबे वाढवतो, बाराची पंधरा डब्यांची गाडी करतो. मग तेवढेच रुमाल पुरत नाहीत.

हे रुमाल लवकर उचललेही जात नाहीत. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं अंगातून जायला साधारण पाच तास लागतात, कुणाला कमी, कुणाला जास्त, गरोदरपणी तर कितीतरी जास्त. माझ्या सहाच्या कटिंगमधलं निम्मं रात्री अकराला जागं होतं. त्याच्या अकराच्या बाटलीतलं निम्मं पहाटे चारला. २०१३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात झोपायच्या सहा तास आधी चारशे मिलिग्रॅम कॅफीन दिलं तरी माणसांची झोप तासाहून अधिक कमी झालेली आढळली. हे वाचून तो गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे जागून जे पाठ करतो ते पक्कं करायला झोप लागते, आणि झोपच येऊ देत नाही." हे त्याचं त्यानं काढलं. मी सांगितलं असतं तर ते उपदेशात गेलं असतं.

तेव्हा मी त्याला कालनिर्णय दाखवलं. निळ्या रेघा त्यानं मोजल्या. म्हणाला, आई, सात? मग ड्रॉवरमधून पेन्सिल आणली आणि त्याच दिवसाच्या चौकटीत एक रेघ ओढली. ठरलं ते एवढंच. दोघांनी लिहायचं. खोटं लिहायचं नाही, आणि लिहिलेल्यावरून कुणी कुणाला बोलायचं नाही.

पहिली चूक मीच केली. ऑगस्टमधल्या एका शनिवारी सातावरून थेट एकावर आले. दुपारपर्यंत बरं होतं. रविवारी सकाळी डोळ्यांच्या मागे कुणी दोरी आवळतंय असं व्हायला लागलं. उजेड नको, आवाज नको, कुकरच्या शिट्टीनं पोटात ढवळायचं. नवऱ्यावर विनाकारण चिडले, सासूबाईंनी भाजी काय करू विचारलं तर उत्तर दिलं नाही. दुपारी डोकेदुखीची गोळी घेतली आणि अर्ध्या तासात डोकं उतरलं. मला आश्चर्य वाटलं, इतकी लागू पडली? पाकिटाची मागची बाजू वाचली. पॅरासिटामॉलच्या खाली पुढचा घटक लिहिला होता, कॅफीन. डोकेदुखीच्या कित्येक गोळ्यांत ते असतं. म्हणजे ज्यामुळे डोकं दुखत होतं तेच मी गोळीतून परत घेतलं होतं.

कोपरीतल्या आमच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्या म्हणाल्या, असं तोडू नका, उतरवा. कॅफीन एकदम बंद केलं की बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं आणि हे दोन दिवसांपासून नऊ दिवसांपर्यंत चालू शकतं. मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणात २०१३ पासून याला रीतसर नाव आहे. तीन-चार दिवसांनी एक कप कमी करा, नाहीतर कप तेवढेच ठेवून अर्धे भरा. मग त्यांनी माझा जुना रिपोर्ट काढला. हिमोग्लोबिन साडेनऊ. "गोळ्या घेता?" घेत होते, दुपारच्या जेवणानंतर. "आणि चहा?" तोही जेवणानंतर, त्याच पाण्याबरोबर म्हणा ना. चहातलं टॅनिन अन्नातलं लोह धरून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. लोहाची गोळी आणि चहा यांच्यात निदान तास-दीड तास हवा, लिंबू पिळलेलं काही बरोबर घेतलं तर उलट फायदा. वर्षभर मी गोळ्या घेत होते आणि वर्षभर त्या धुऊन काढत होते. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं. कारणं पुष्कळ आहेत, खायलाच पुरेसं न मिळणं हे पहिलं. पण ज्यांच्या ताटात पालेभाजी आहे, हातात गोळी आहे, त्यांना जेवणावर चहा पिऊ नका एवढं तरी कुणी सांगायला हवं. मी आता भेटेल त्या बाईला सांगते. ट्रेनमध्ये शेजारी बसलेलीलाही सांगितलंय.

जेवणानंतरचा कप त्या दिवशीच गेला आणि गेल्याचं जाणवलंही नाही. पावणेचारचा गेला तो मावशींना सांगून. त्या आधी रुसल्या, माझ्या हातचा आवडत नाही का म्हणाल्या. डॉक्टरांचं नाव पुढं केलं तेव्हा ट्रेमध्ये माझ्यासाठी गरम पाण्याचा ग्लास ठेवायला लागल्या. तिसऱ्या दिवशी त्यात आल्याचा तुकडा होता. दहाचाही गेला. आठच्या जागी गवती चहा आला. जांभळी नाक्यावर जुडी मिळते, दहा-वीस रुपयांना. पातीच्या गाठी मारून उकळत्या पाण्यात टाकायच्या, आलं ठेचून, गुळाचा खडा. दूध नाही, पावडर नाही. गवती चहात नावापुरताच चहा आहे, कॅफीन नाही. सासूबाईंना हे फार आवडलं. त्यांच्या मते हाच खरा चहा आणि आपण मध्येच वाट चुकलो होतो.

अडलं ते रबाळ्याला. सहाचं कटिंग. त्यात चहा तीन घोटांचा, पण आम्ही चौघी तिथं पंधरा मिनिटं उभ्या राहतो, आणि दिवसभरातली तेवढीच पंधरा मिनिटं ऑफिसची नसतात आणि घरचीही नसतात. एकीच्या सासऱ्यांचं डायलिसिस चालू आहे, ते आम्हाला तिथंच कळलं. दुसरीच्या घटस्फोटाचं तिथंच. ग्लास हातात धरला की बोलणं निघतं. नुसतं उभं राहून बघितलं दोन दिवस. हात रिकामे, कुठं ठेवावे कळेना, आणि मैत्रिणीही घाईघाईनं पिऊन मोकळ्या व्हायला लागल्या, हिला उगीच ताटकळत ठेवायला नको म्हणून. मी त्यांचीही पंधरा मिनिटं मोडत होते. शेवटी टपरीवाल्या काकांना विचारलं, पावडर न घालता आलं-वेलचीचं दूध-पाणी उकळून द्याल का, पैसे चहाचेच घ्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, छोटं पातेलं काढलं, आलं खलबत्त्यात दोनदा जास्तच ठेचलं. "ताई, साखर?" अर्धी. त्याच काचेच्या ग्लासात दिलं. चटका तसाच लागला, फुंकर तशीच मारावी लागली. महिनाभरानं आणखी एक जण त्या पातेल्यातलं मागायला लागली. काका आता विचारत नाहीत, आम्ही जिना उतरताना दिसलो की दोन्ही पातेली चढवतात.

साखरेचं राहिलंच. माझे सात कप, दर कपाला दोन चमचे. चौदा चमचे म्हणजे साठ-पासष्ट ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेचं २०१५ चं म्हणणं असं की वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत हवी, म्हणजे मोठ्या माणसाला पन्नास ग्रॅमच्या आसपास, आणि पंचवीसच्या आत आली तर उत्तम. मी नुसत्या चहावर ती ओलांडत होते, आणि घरात कोल्ड्रिंकच्या नावानं ओरडणारीही मीच.

तरी कोल्ड्रिंकचं ओरडणं खोटं नव्हतं. गणपतीच्या आदल्या दिवशी नवऱ्यानं सव्वादोन लिटरच्या दोन बाटल्या आणल्या, आल्यागेल्याला असू देत म्हणून. लेबलावर शंभर मिलिलिटरला साडेदहा ग्रॅम साखर लिहिली होती. मुलानं गुणाकार केला. मग चकलीच्या भाजणीसाठी काढलेला वजनकाटा ओट्यावर होता, त्यावर स्टीलची ताटली ठेवून मी साखर ओतायला लागले. शंभरला थांबावंसं वाटलं. दीडशेला ताटली भरली. दोनशे छत्तीसला काठावरून दाणे घरंगळून ओट्यावर पडायला लागले. एका बाटलीची साखर, पावकिलोला चौदा ग्रॅम कमी. आम्ही तिघं नुसते बघत राहिलो. नवरा बऱ्याच वेळानं म्हणाला, "एवढी साखर शिऱ्यात घातली तर तू मला घराबाहेर काढशील."

त्या रात्री तो त्याच्या लहानपणाचं सांगत बसला. ठाण्यात तलावपाळीला गोटी सोडा मिळायचा, अंगठ्यानं गोटी आत ढकलली की होणारा आवाज त्याला अजून करून दाखवता येतो. १९७७ मध्ये कोकाकोला देशातून गेली आणि थम्स अप आलं. पुढे १९९३ मध्ये कोकाकोला परत आली आणि तिनं थम्स अपच विकत घेतलं. त्याच्या आठवणीतलं थम्स अप आणि गोल्ड स्पॉट काचेच्या बाटलीतलं होतं. लग्नात मिळायचं, नाहीतर परीक्षेचा निकाल लागला की. एकाला एक बाटली, तीही भावंडांत वाटून, आणि बाटली दुकानात परत द्यायची म्हणून तिथंच उभं राहून प्यायचं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पेय तेव्हाही गोडच होतं. पण काच परत करायची असल्यामुळं ते घरी येत नव्हतं. प्लास्टिकच्या बाटलीनं त्याला फ्रीजच्या दारात कायमची जागा दिली.

मुलाला साखरेचं पटलं, पण तो म्हणाला, मला ती झणझण हवी असते, नाकात जाते ती. खरं होतं. पन्हं, ताक, लिंबू सरबत सगळं करून झालं होतं, त्यात झणझण नव्हती. मग आगळाचा, म्हणजे कोकमाच्या रसाचा, प्रयोग केला. बाजारातलं अमृत कोकम नाही घेतलं, तो साखरेचाच पाक असतो. सासूबाईंच्या माहेरहून आगळ येतं, खारवलेलं, काळपट लाल. ग्लासात दोन चमचे आगळ, एक चमचा साखर, चिमूटभर जिरेपूड, आणि वरून गार सोडा. पहिल्यांदा मी घाईनं ओतला. आगळातल्या मिठानं सोडा असा उसळला की अर्धा ग्लास ओट्यावर आणि फेस माझ्या कोपरापर्यंत. ग्लास तिरका धरून, धार काचेला लावून, थांबत थांबत ओतायचा असतो. मुलगा आता ते माझ्याहून छान करतो. आंबट तेही आहेच, म्हणून रोज नाही. कोलाचा सामू, म्हणजे आंबटपणाचं माप (पीएच), अडीचच्या आसपास असतो आणि साडेपाचच्या खाली गेलं की दातांचं एनॅमल झिजायला लागतं, हे दातांच्या डॉक्टरांनी त्याला आधीच ऐकवलं होतं. कोकमही आंबटच. प्यायल्यावर चूळ भरायची.

त्या दोन बाटल्या विसर्जनानंतर तशाच राहिल्या. पाहुण्यांना चहा मात्र मी दिला. सासूबाई म्हणाल्या होत्या, आल्यागेल्याला चहा विचारायचा नाही असलं मी माझ्या घरात चालू देणार नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. मी देत होते, बरोबर बसून घेत नव्हते. "तुम्हीपण घ्या ना थोडा" याला पाच दिवसांत निदान तीस वेळा उत्तर दिलं असेल. काहींना ते लागलं. एका मावशींना मी सहज म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं लोहाचं सांगितलं, तर त्या तासभर बसल्या आणि जाताना आपला रिपोर्ट मोबाइलवर दाखवून गेल्या. आठ पूर्णांक दोन.

मुलाचं सोपं गेलं असं मी म्हणणार नाही. बाटली सुटली तशी रात्री दहालाच त्याची मान वहीवर पडायला लागली. सप्टेंबरमधल्या क्लासच्या टेस्टला फिजिक्सचे मार्क उतरले. तो माझ्यावर रागावला, तुझ्यामुळं झालं म्हणाला, आणि मला रात्रभर वाटत राहिलं की खरंच माझ्यामुळं झालं का. क्लासमध्ये शिक्षकांना भेटायला गेले तेव्हा खाली स्वागतकक्षात काचेच्या दाराचा फ्रीज होता. वरच्या दोन फळ्यांवर त्याच बाटल्या, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. मी तिथल्या माणसाला लेबल वाचून दाखवलं, मुलांसाठी नाही असं लिहिलंय म्हटलं. तो नम्रपणे म्हणाला, मॅडम, मागणी आहे. फ्रीज अजून तिथंच आहे. मी दर पालकसभेला विचारते, आणि आता आणखी दोघीतिघी विचारतात.

ऑक्टोबरात त्यानंच सुचवलं की रात्रीचं पहाटेवर नेऊन बघू. साडेदहाला झोप, पाचला उठायचं. पहिले आठ दिवस मी पंखा बंद करून, दिवा लावून, नाव घेऊन घेऊन उठवलं. आता तो वही घेऊन ओट्याजवळच्या स्टुलावर बसतो. मी आधण ठेवते, पोळ्यांची कणीक काढते. सव्वापाचचा कप मी सोडलेला नाही, सोडणारही नाही. चांगलं आलं, पूर्ण दूध, एक चमचा साखर. त्याला कपभर गरम दूध, हळद नको, हे ठरलेलं. खिडकीतून कोपरीच्या पुलावरच्या गाड्या ऐकू येतात. आम्ही बोलत नाही. तो मध्येच एखादं सूत्र पुटपुटतो.

दूध दीड लिटरवरून एक लिटरवर आलंय. माझ्या रेघा बहुतेक दोन, सातचा कप सासूबाईंसाठी ठेवलाय. हिमोग्लोबिन दिवाळीनंतर तपासलं, अकराला थोडं कमी. त्याच्या पेन्सिलीच्या रेघा ऑक्टोबरच्या पानावर चार होत्या, नोव्हेंबरात एक.

परवा, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, त्याची केमिस्ट्रीची टेस्ट होती. आदल्या रात्री मी साडेदहाला झोपले तेव्हा त्याच्या खोलीत दिवा होता. पहाटे उठून दुधाची पिशवी आत घेतली, आजच्या तारखेत एकचा आकडा लिहायला गेले, तर कालच्या चौकटीत माझ्या दोन निळ्या रेघांच्या शेजारी पेन्सिलची एक रेघ होती. थोडी दाबून ओढलेली, कागद उमटला होता. खालच्या खणात मी पाहिलं नाही. रिकामी बाटली ओट्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात होती, वरच, झाकून न ठेवता.

मी आकडा लिहिला, गॅस लावला आणि त्याला उठवायला गेले.